स्कॅनर की पारदर्शक नळी? डिझेल पिकअपचा दोष शोधताना

डिझेल पिकअप भरलेल्या अवस्थेत दम सोडू लागली, सकाळी चार-चार वेळा सेल मारावा लागू लागला आणि वर चेक लाइटही लागला, की सोलापुरात मालकापुढे दोन वाटा असतात. एक स्कॅनर जोडून कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, काढणाऱ्या गॅरेजची आणि दुसरी पंप-नोझलचे काम करणाऱ्या मिस्त्रीची, जो आधी नळ्या सोडवतो आणि मग बोलतो. मी दोन्हीकडे पैसे मोजले आहेत. माझी गाडी बीएस-४ (धुराच्या जुन्या नियमांची), कॉमन रेल इंजिनाची, म्हणजे पंपाने दाबलेले डिझेल ‘रेल’ या एकाच जाड नळीत साठवून तिथून सगळ्या इंजेक्टरांना देणारी असून मार्केट यार्डातला कांदा घेऊन ती पुण्याला जाते, त्यामुळे पुढचे मत त्या बेताने वाचावे.

स्कॅनरचे गुण मान्यच करावे लागतात. इंजिनाचे फिरणे मोजणाऱ्या क्रँक किंवा कॅम सेन्सरने मध्येच दगा देणे, वायरिंग कुठेतरी घासून तुटणे, असे दोष नुसत्या डोळ्यांना आणि कानांना सहज सापडत नाहीत. शिवाय चालत्या गाडीत संगणकाने मागितलेला रेल प्रेशर किती आणि प्रत्यक्षात मिळालेला किती, हे आकडे शेजारी-शेजारी दिसतात, ही सोय जुन्या पद्धतीत नाही. मोबाइलला जोडायचे स्वस्त डोंगल मात्र वेगळे. ते बहुधा सर्वसाधारण कोड वाचते, कंपनीचे खास कोड आणि चाचण्या त्याच्या आवाक्यात नसतात.

माझे मत फिरले ते एका त्रासामुळे. पुण्याला जाताना मोहोळ ओलांडल्यावर लाइट लागला, गाडीने ताकद आवरती घेतली आणि मी दुसऱ्या दिवशी स्कॅनर लावला. कोड आला पी००८७, म्हणजे रेलमधला दाब कमी. कोड खोटा नव्हता, पण तो आजाराचे नाव न सांगता ताप आहे एवढेच सांगतो. दाब कमी पडण्यामागे जाम झालेला फिल्टर असू शकतो, टाकीतली जाळी असू शकते, पंपावरचा झडप असू शकतो, टाकीकडे परत जाणाऱ्या नळीत जास्त डिझेल सोडणारा इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) असू शकतो किंवा नळीत शिरलेली हवा असू शकते. कोडमध्ये रेल प्रेशर हे शब्द आल्यामुळे रेल प्रेशरचा सेन्सर बदलण्यात आला, कोड पुसला, लाइट गेला आणि मी निर्धास्त झालो. पुढच्याच खेपेला, टेंभुर्णीच्या अलीकडे, तोच कोड पुन्हा हजर झाला. मग पंपावरचा झडप बदलायचे ठरत होते. कोड पुसल्यावर दोन दिवस जे खोटे समाधान मिळते, त्याचा मला सेन्सरच्या बिलापेक्षा अधिक राग आहे, कारण त्या समाधानातच मी गाडी पुन्हा भरली होती.

पंप-नोझलच्या मिस्त्रीने गाडी पाहून पहिला प्रश्न केला, तो त्रास सकाळी होतो की दुपारी, असा. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सेल खात असेल तर नळीत हवा शिरून डिझेल टाकीकडे मागे गेल्याचा संशय घ्यावा. उलट तापल्यानंतर बंद केलेली गाडी लवकर सुरू होत नसेल, तर डिझेल पातळ होऊन झिजलेल्या इंजेक्टरातून किंवा पंपातून निसटत असावे, असा त्यांचा हिशेब. माझी तक्रार सकाळची होती. त्यांनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये हातभर पारदर्शक नळी घातली आणि इंजिन सुरू केले. नळीतून बुडबुड्यांची माळ सरकताना मी स्वतः पाहिली. “मालक, गाडी डिझेलसंगं हवा प्यायला लागलीया,” एवढेच ते म्हणाले. काही आठवड्यांपूर्वी फिल्टर बदलताना त्याच्या बाऊलची, म्हणजे खालच्या वाटीची, रबरी रिंग पिळून बसली होती. रिंग बदलली, हातपंपाने हवा काढली, आणि त्यानंतर तो कोड मला दिसलेला नाही.

ही युक्ती सगळीकडे चालत नाही. ज्या गाडीत टाकीतच विजेचा पंप आहे तिथे नळीत दाब असतो, म्हणून फट पडली तर हवा आत येण्याऐवजी डिझेल बाहेर झिरपते. इंजेक्टरची परत मात्र बाटल्या लावून चांगली मोजता येते: चारही इंजेक्टरांच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडाव्यात, काही मिनिटे इंजिन चालवावे आणि कोणती बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरते ते पाहावे. जुन्या पंपाच्या गाड्यांवर हात बसलेला एखादा मिस्त्री मिसिंग, म्हणजे कोणता सिलिंडर नीट पेटत नाही ते, शोधण्यासाठी चालू इंजिनवर नोझलच्या पाइपाचा नट सैल करू पाहतो. कॉमन रेलवर त्याला तिथेच थांबवावे. या पाइपात शेकडो बारचा दाब असतो, जोर दिल्यावर तो हजाराच्याही पुढे जातो, आणि त्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

तुमची गाडी १ एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ असेल, तर ‘आधी नळी, मग स्कॅनर’ हा माझा कौल थोडा सैल करावा लागेल. धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ किती भरला आहे, तो जाळून साफ करता येईल का, हे बाटल्यांना कळत नाही. इंजेक्टर नवा बसवला तर पुष्कळ गाड्यांत त्याच्या अंगावरचा कोड संगणकाला द्यावा लागतो, तेही स्कॅनरचेच काम आहे. पण तिथेही नुसत्या कोडवर विसंबून सुटा भाग बदलू देण्याआधी, फिल्टरपासून पंपापर्यंतची नळी कुणी उघडून पाहिली का, एवढे विचारावे असे मला वाटते.

आणि बाटल्यांची तपासणी करून घेणार असाल, तर गाडी मिस्त्रीकडे सकाळी गार सोडू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात दुपारी दोनला, वीस-पंचवीस किलोमीटर भरलेली चालवून तापलेली गाडी त्यांच्या दारात उभी करा. थंड इंजिनवर चारही बाटल्या सारख्या भरलेल्या दिसू शकतात आणि दुखरा इंजेक्टर लपून राहू शकतो.