बाळंतपणानंतर पाळणा लांबवायचा: अंगावरचं दूध की छाया गोळी?

अंगावर पाजण्याचा भरवसा तीन अटींवर टिकतो: बाळ 6 महिन्यांच्या आतलं, पाळी परतलेली नाही आणि बाळाला फक्त आईचंच दूध. दिवसा 4 तासांहून, रात्री 6 तासांहून जास्त खंड नको. तिन्ही अटी पाळल्या तर 98 टक्के संरक्षण मिळतं. बाळाच्या चोखण्यानेच स्त्रीबीज सुटणं थांबतं. म्हणून बाळगुटी, वरचं पाणी, वरचं दूध सुरू झालं की चोखणं घटतं आणि गणित बिघडतं. ‘पाळीच आली नाही, मग दिवस कसे राहिले?’ तर पहिल्या पाळीआधीच बीज सुटतं म्हणून.

छाया ही गर्भ राहू न देणारी गोळी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. तिच्यात हार्मोन नाहीत, दूध आटत नाही. पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी. पुढे आठवड्याला एक. पाळी लांबू शकते. कावीळ, यकृताचा आजार किंवा पीसीओएस (अंडाशयाचा, पाळी अनियमित करणारा आजार) असेल तर ही गोळी नको.

कामावर लवकर परतणाऱ्या बाईने दुधावर विसंबू नये, छाया घ्यावी. घरी असलेलीनेही तिन्हींपैकी एक अट मोडली की त्याच दिवशी दुसरं साधन सुरू करावं.