बायनरी ऑप्शनचं अ‍ॅप: आठ महिने वापरून

मी मालवणात स्कूबाच्या बोटीवर कामाला. मे संपला की वॉटर स्पोर्ट्स बंद, बोट वर ओढून झाकली की गणपतीपर्यंत हात रिकामे. गेल्या पावसात अशाच रिकामपणी हे अ‍ॅप घेतलं, जानेवारीअखेर काढून टाकलं. नाव देत नाही. दुसरी दोन उघडून बघितली, मांडणी तीच.

खेळ सोपा. युरो-डॉलरचा किंवा सोन्याचा भाव मिनिटभराने वर असेल की खाली, एवढंच सांगायचं. बरोबर आलं तर शंभरावर ऐंशी मिळतात, चुकलं तर शंभरच्या शंभर जातात. डेमोवर मी तीन दिवसांत राजा झालो होतो. खऱ्या पैशाचा पहिला आठवडाही बरा गेला. पंधराशे काढले, दोन तासांत खात्यात. तिथेच अडकलो.

मग टेलिग्रामवरचा एक 'सर' भेटला. हरलास की पुढच्या वेळी अडीच पट लाव, म्हणाला. शंभर, अडीचशे, सव्वासहाशे करत सहावा डाव दहा हजारांच्या घरात जातो. सलग पाच वेळा चुकणं दुर्मीळ वाटतं, पण रात्रीत दोनशे डाव टाकणाऱ्याला ते एका बैठकीत भेटतं. असल्या सरांना बऱ्याचदा आपल्याच तोट्यातला वाटा मिळतो, हे मला नोव्हेंबरात कळलं.

माझा मामा तरुणपणी मटक्याच्या चिठ्ठ्या लिहायचा. एकदा पडवीत बसून त्याने स्क्रीन बघितली.

"दहाक किती देतत?"

"अठरा."

"म्हणजे दोघांनी धा-धा लावले, ईस जमले, अठरा वाटले, दोन मालकाक. आमच्या सिंगलाक, एका आकड्याक, दहाचे नव्वद. धा आकड्यांचे शंभर जमले, त्यातले धा मालकाक. हिशोब तोच मा! आणि आकडो खोलता कोण?"

शनिवार-रविवारी जगातले बाजार बंद असतात तेव्हाही अ‍ॅपवर 'ओटीसी' भाव हलतच असतात. ते कंपनीच तयार करते आणि आपल्यासमोर पैज लावणारीही तीच. हे सांगितल्यावर मामा काही न बोलता माडाखाली चूळ भरायला गेला.

त्याचा हिशोब चोख आहे. ऐंशी टक्क्यांवर नुसती फिटंफाट व्हायला शंभरात 56 वेळा बरोबर यावं लागतं. फरक वेगाचा. मटक्याचे निकाल दोनच, ओपन आणि क्लोज; इथे दर मिनिटाला निकाल. अंदाज छापा-काट्यासारखाच असेल तर शंभराचे साठ डाव म्हणजे तासाला सरासरी सहाशेचा खड्डा. एवढी माझी मजुरी नाही.

पैसे काढण्याबद्दल. बोनस घेऊ नका; माझ्या बोनसच्या चाळीस पट उलाढाल झाल्याशिवाय रक्कम सुटत नव्हती. डिसेंबरात 22,000 मागितले. अकरा दिवस कागदपत्रं आणि सेल्फी, मग 4,800 आले, तेही कुणा अनोळखी माणसाच्या खात्यातून. उरलेले वाट बघता बघता मीच परत लावून घालवले. तीन आठवड्यांनी परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँकेने त्या 4,800 वर होल्ड लावला. भरतानाही यूपीआयवर दर वेळी वेगळंच नाव दिसायचं. तेव्हाच मनात पाल चुकचुकायला हवी होती.

बाजाराची पत म्हणाल, तर यातल्या कितीतरी कंपन्या जिथून चालायच्या त्या इस्रायलनेच 2017 मध्ये या धंद्यावर बंदीचा कायदा केला. युरोपीय संघाने जुलै 2018 पासून सामान्य ग्राहकांना विकायला मनाई केली, ब्रिटनने एप्रिल 2019 पासून, ऑस्ट्रेलियाने मे 2021 पासून. अमेरिकेत नोंदणीकृत एक्स्चेंजवर चालतं, पण ते प्रकरण वेगळं. आपल्याकडे सेबीची मान्यता यांना नाही. रिझर्व्ह बँक सप्टेंबर 2022 पासून अनधिकृत फॉरेक्स (परकीय चलन) प्लॅटफॉर्मची यादी काढते; यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असंही नव्हे. शिवाय यासाठी पैसे बाहेर पाठवणं फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, बसत नाही, त्यामुळे तक्रार करताना आपलाच आवाज बारीक होतो.

एकूण 61,000 भरले, 23,700 परत आले, त्यातले 4,800 अजून होल्डवर. सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. एक तारा देतोय, कारण आमच्या वाडीतल्या अर्ध्या रेंजवरही अ‍ॅप चालतं. पैसे भरायचं पान तर भर पावसातही कधी अडकलं नाही.