पहिलं शाईपेन घेताना: प्रेपी, काकुनो, मेट्रोपॉलिटन, सफारी की इको?

शाईपेन घ्यायला निघालेला माणूस आधी निब बघतो. मीही तेच केलं होतं. माझ्या पहिल्या पेनाची निब कागदावरून अशी सरकायची की उगाचच सह्या करत बसावंसं वाटे. पण तेच पेन दोन दिवस पडून राहिलं की झटकल्याशिवाय अक्षर उमटत नसे. एकदा असंच झटकताना शेजारी बसलेल्याच्या पांढऱ्या शर्टावर निळी नक्षी उमटली. ते पेन खणात गेलं ते अजून तिथेच आहे.

तेव्हापासून रोजच्या वापराचं पेन निवडताना मी क्रम उलटा लावतो. आधी टोपण, मग रेघेची जाडी, मग शाई भरायची सोय, आणि निबेचा गुळगुळीतपणा सगळ्यात शेवटी. स्वस्त पेनांच्या निबा स्टीलच्या असतात, टोकाला कठीण मिश्रधातूचा बारीक मणी बसवलेला असतो, आणि नावाजलेल्या कंपन्यांच्या या साध्या निबाही आज पुरेशा चांगल्या चालतात. सोन्याची निब हा हौसेचा मामला आहे. रोजच्या वह्या भरायला तिची गरज नाही.

तुलनेला पाच पेनं घेतली आहेत. जपानी प्लॅटिनम प्रेपी, पायलटची काकुनो आणि मेट्रोपॉलिटन ही दोन भावंडं, जर्मन लामी सफारी आणि तैवानचं ट्विस्बी इको. किमतीचा क्रम साधारण असाच आहे: प्रेपी सगळ्यात स्वस्त, पायलटची दोन्ही मधे, सफारी त्यांच्या वर आणि इको बहुधा सगळ्यात महाग. मेट्रोपॉलिटनला काही ठिकाणी एमआर म्हणतात आणि जपानात कोकून. नाव वेगळं दिसलं म्हणून गोंधळू नका.

टोपण

शाईपेनाच्या शाईत बहुतांश पाणी असतं. निबेच्या चिरेतून ते उडून जातं, मागे रंग घट्ट होत राहतो आणि शेवटी चीर बुजते. पेन ‘चालत नाही’ म्हणतो तेव्हा बरेचदा एवढंच झालेलं असतं. म्हणजे टोपण निबेभोवतीची हवा किती कोंडून धरतं, यावर खूप काही अवलंबून आहे.

या परीक्षेत सगळ्यात स्वस्त पेन पहिलं येतं, ही गंमत आहे. प्रेपीच्या टोपणात आत आणखी एक छोटं टोपण असतं आणि त्यामागे स्प्रिंग. बाहेरचं टोपण लावलं की आतलं निबेभोवती दाबून बसतं. कंपनी याला स्लिप अँड सील म्हणते आणि पेन वर्षभर पडून राहिलं तरी शाई सुकणार नाही, असा दावा करते. हीच कल्पना, आट्यांच्या टोपणात बसवून, कंपनीने सोन्याच्या निबेच्या ३७७६ सेंच्युरी या महागड्या पेनातही वापरली आहे. आठवड्यातून एकदा पेन हातात घेणाऱ्याला याहून मोठा गुण कुठला हवा?

इकोचं टोपण आट्यांचं. तेही हवा चांगली अडवतं, पण दर वेळी फिरवून काढायचं आणि फिरवून लावायचं. दोन-दोन तास सलग लिहिणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण फोनवर बोलता बोलता एक ओळ टिपायची, पेन बंद करायचं, पाच मिनिटांनी पुन्हा एक ओळ, असं काम असेल तर तिसऱ्या दिवशी वैताग येतो आणि आपण पेन उघडंच ठेवू लागतो. मग टोपण कितीही हवाबंद असो, उपयोग काय? उरलेल्या तिन्हींची टोपणं खट्कन बसणारी आहेत. रोज लिहिणाऱ्याला ती पुरतात.

रेघ

इथे जरा थांबतो, कारण चुकीची खरेदी बहुतेक वेळा इथेच होते.

निबेवरची ईएफ, एफ, एम, बी ही अक्षरं म्हणजे अतिबारीक, बारीक, मध्यम आणि जाड. पण ही मापं सगळ्या कंपन्यांची एक नाहीत. जपानी ‘बारीक’ ही युरोपीय ‘बारीक’पेक्षा साधारण एक पायरी बारीक असते. पायलटची एफ आणि लामीची एफ शेजारी शेजारी लिहून बघा, एकाच घरातली वाटणार नाहीत. प्रेपीवर तर सरळ आकडेच असतात, ०.२, ०.३ आणि ०.५. त्यातली ०.३ ही बारीक आणि ०.५ ही मध्यम.

इंग्रजीत लिहिलेले आढावे वाचून मराठी लिहिणाऱ्याने पेन ठरवलं की घोटाळा होतो. देवनागरीत अक्षरांच्या गाठी फार. क, ह, ज्ञ, क्ष यांच्या पोटातली पांढरी जागा जाड निबेने बुजून जाते. वर मात्रा, खाली उकार, मधे जोडाक्षर, आणि हे सगळं आखीव वहीच्या एका ओळीत बसवायचं. अक्षर लहान असेल तर लामीची एम सुद्धा जड पडते. माझा अनुभव असा की मध्यम आकाराच्या मराठी अक्षराला पायलटची एफ किंवा एम, प्रेपीची ०.३ किंवा ०.५, आणि लामी किंवा इको घेतलं तर ईएफ किंवा एफ, ही मापं बसतात. टपोरं अक्षर काढणाऱ्याने एक पायरी जाड घ्यावी.

दुसरी गोष्ट पेन उचलण्याची. रोमन लिपी जोडून लिहिणारा माणूस शब्द संपेपर्यंत पेन बहुधा उचलत नाही. आपण मात्र अक्षरागणिक उचलतो, मग शिरोरेघेसाठी, मग मात्रा-वेलांटीसाठी. त्यामुळे टेकताक्षणी शाई न देणारी निब आपल्याला जास्त छळते. अर्धीच उमटलेली काना-मात्रा म्हणजे वेगळाच शब्द! पायलटच्या निबा या बाबतीत मला सगळ्यात भरवशाच्या वाटतात. टेकवली की रेघ आली. काकुनो आणि मेट्रोपॉलिटनची निब मूळ एकच असल्याने हा गुण दोघांतही आहे. फरक एवढाच की काकुनोच्या निबेवर हसरा चेहरा कोरलेला असतो. तो चेहरा वर असला की पेन बरोबर धरलं आहे, अशी मुलांसाठी केलेली सोय. मोठ्यांनाही ती उपयोगी पडते, फक्त कोणी कबूल करत नाही.

सफारी आणि इकोमध्ये १.१ मिलिमीटरची सपाट टोकाची निबही मिळते. तिने उभी रेघ जाड आणि आडवी बारीक येते. शीर्षकं, पत्ते, शुभेच्छापत्रं तिने देखणी दिसतात. बोरूची सर मात्र तिला नाही. देवनागरीच्या बोरूचा काप तिरपा असतो, त्यामुळे जाड-बारीक वेगळ्या जागी पडतं. रोजच्या वहीला ही निब घेऊ नका.

रेघेचा दुसरा निम्मा हिशेब कागदाकडे असतो. कागद बनवताना त्याला खळ देतात. ती कमी असेल तर शाई तंतूंमधून फुटते आणि पाठच्या पानावर उमटते. कागद जाड म्हणून चांगला, असं नाही. पातळ पण नीट खळ दिलेला कागद शाई छान पेलतो, आणि जाड पण टिपकागदासारखा कागद एफचीही एम करून टाकतो. तुमच्या हातात येणारा कागद साधा असेल, म्हणजे छपाईचा, फॉर्मचा, फुकट मिळालेल्या डायरीचा, तर जपानी बारीक निबच घ्या. वही तुम्ही स्वतः निवडणार असाल तर मोकळीक आहे.

हात

सफारी १९८० साली आलं. वोल्फगांग फाबियान यांनी ते शाळकरी मुलं डोळ्यांसमोर ठेवून घडवलं. बोटं ठेवायच्या जागी दोन सपाट बाजू कापलेल्या आहेत, अंगठा आणि तर्जनी बरोबर तिथेच बसावीत म्हणून. तुमची पकड पुस्तकात दाखवतात तशी असेल तर हे पेन आपोआप नीट धरलं जातं आणि हात दुखत नाही. पण पेन जरा फिरवून धरायची सवय असेल, तर त्या कडा दर पानाला तुमच्याशी भांडतात. सफारी आवडणारे आणि न सोसणारे असे सरळ दोन तट पडतात, ते यामुळे. दोन मिनिटं हातात धरून पाहिल्याशिवाय हे पेन घेऊ नये, असं माझं मत आहे.

काकुनोची पकडही तिकोनी आहे, पण कडा बोथट, म्हणून ती कुणालाच फारशी टोचत नाही. अंग षट्कोनी असल्याने टेबलावरून घरंगळत नाही. मात्र खिशाला अडकवायची क्लिप नाही. मेट्रोपॉलिटन पितळेचं. वजन काकुनोच्या दुपटीहून जास्त, दिसायला पाचांत सगळ्यात ऐटदार. त्याची पकड गोल आणि निमुळती आहे, आणि पकड संपून अंग सुरू होतं तिथे एक पायरी आहे. पेन वरून धरणाऱ्याच्या बोटाला ती लागते. प्रेपी हलकं आणि साधं. हातात घेतल्यावर काही जाणवत नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. त्याचं पारदर्शक प्लॅस्टिक तेवढं टणक नाही, पडल्यावर किंवा टोपण जोरात दाबल्यावर तडा जाऊ शकतो.

डावखुऱ्यांसाठी लामी वेगळी एलएच निब देते. पण ओल्या ओळीवरून हात फिरण्याचा त्यांचा प्रश्न निबेपेक्षा लवकर वाळणारी शाई आणि बारीक रेघ यांनी जास्त सुटतो.

शाई

इको दौतीतूनच भरायचं. निब बुडवायची, मागची मूठ फिरवायची, पिस्टन शाई ओढून घेतो. एका भरण्यात दीड मिलिलिटरहून जास्त शाई मावते आणि पारदर्शक अंगातून किती उरली ते दिसतं. कार्ट्रिज, म्हणजे शाई भरूनच मिळणारी छोटी नळी, त्यात बसतच नाही. म्हणजे प्रवासात शाई संपली आणि जवळ बाटली नसली की पेन गप्प.

बाकीची चारही कार्ट्रिजवर चालतात, पण तिन्ही कंपन्यांची कार्ट्रिज सहसा आपापली. पायलटचं लामीला लागत नाही, लामीचं प्लॅटिनमला नाही. घेण्याआधी तुमच्याकडे त्या कंपनीची कार्ट्रिज सहज मिळतात का ते बघा, नाहीतर बाटलीतून भरण्यासाठी कन्व्हर्टर, म्हणजे कार्ट्रिजच्या जागी बसणारी, पुन्हा पुन्हा भरता येणारी नळी घ्या. तो अनेकदा वेगळा विकत घ्यावा लागतो आणि प्रेपीच्या बाबतीत तर कन्व्हर्टरची किंमत पेनालाच गाठते. पायलटचा छोटा कॉन-४० कन्व्हर्टर फारच कमी शाई घेतो. मोठा कॉन-७० काकुनोत बसतो, मेट्रोपॉलिटनमध्ये बसत नाही. दिसायला साध्या भावंडाला इथे सरशी मिळते.

प्रेपीवाले एक युक्ती करतात. अंगाच्या आट्यांवर छोटी रबरी चकती घालायची, सिलिकॉन ग्रीस लावायचं आणि ड्रॉपरने सगळं अंगच शाईने भरायचं. अंगात धातू नसल्याने गंजायचा प्रश्न येत नाही. शाई आठवडेच्या आठवडे पुरते. फक्त तळाशी आली की सांभाळा, हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबेतून टपकन डाग पडतो.

चित्रकलेची इंडिया इंक यातल्या कुठल्याही पेनात घालू नका. तिच्यातली लाख वाळली की निबेखालची जीभ कायमची तुंबते.

आणि ती आणखी स्वस्त चिनी पेनं?

जिनहाओची पेनं देखणी असतात, बऱ्याच मॉडेलांबरोबर कन्व्हर्टरही येतो आणि किंमत बघून दोन-तीन घ्यावीशी वाटतात. घ्या, पण दुसरं पेन म्हणून. एकाच मॉडेलचे दोन नग सारखं लिहितीलच असं नसतं. निब खरवडत असेल तर तिची दोन पाती समपातळीत आणायला शिकावं लागतं, आणि पहिल्यांदाच शाईपेन धरणाऱ्याला दोष पेनाचा की हाताचा हे कळत नाही. त्यातलं एक्स४५० हे धातूचं आणि वजनदार आहे, लांब लिखाणाला मला ते जड होतं.

मग घ्यायचं काय

जमेल की नाही याचीच खात्री नसेल तर प्रेपी, ०.३. नाही जमलं तरी फार गेलं असं वाटणार नाही. अधूनमधून लिहिणाऱ्याने तर दुसरं बघूच नये. सहीसाठी, चारचौघांत खिशातून काढण्यासाठी मेट्रोपॉलिटन. रोज पाच-सहा पानं भरणाऱ्याने, विद्यार्थी असो की अनुवादक, आणि दौतीशी खेळायला ज्याला आवडतं त्याने इको, ईएफ. सफारी हातात बसलं तर ते वर्षानुवर्षं टिकेल. निब बिघडली किंवा जाड वाटली तर तेवढीच ओढून काढून दुसरी सरकवता येते, ही त्याची खरी जमेची बाजू.

मला एकच ठेवायला सांगितलं तर मी काकुनो एफ ठेवेन, कॉन-७०सकट. लोक ‘हे मुलांचं पेन ना?’ असं विचारतात. हो.

पेन आणलं की शाई भरण्याआधी निब साध्या पाण्यात धुवा, कारखान्यातलं तेलकट काही राहिलं असेल तर निघून जाईल. गरम पाणी नको. आणि बॉलपेनची सवय म्हणून दाबू नका, पेन थोडं आडवं धरून नुसतं टेकवा. पहिले दोन दिवस अक्षर परक्याचं वाटतं. तेवढ्यावरून पेन बदलायला निघू नका, आधी एखादी वही निम्मी तरी भरा.