हिरडा: पावसाळ्यापासून शिशिरापर्यंत घेतल्यावर

पोट साफ न होणं ही माझी जुनी तक्रार. वैद्यांनी हिरडा सुचवला. पावसाळ्यात सुरू केला, थंडी सरत आली तरी चालू आहे. हिरडा गुणाचाच आहे, पण कसा घेता यावर सगळं ठरतं.

भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात हे नेमकं सांगितलंय: चावून खाल्ला तर अग्नी वाढवतो, वाटून घेतला तर मलशुद्धी करतो, वाफवलेला उलट मल बांधतो, भाजलेला वात, पित्त, कफ या तिन्ही दोषांवर चालतो. पहिल्या दोन गोष्टी मला स्वच्छ जाणवल्या. रात्री कोमट पाण्याबरोबर चूर्ण घेतलं की सकाळी कुंथावं लागत नाही, मुरडाही येत नाही. तुकडा नुसता चघळला तर त्या बाबतीत फारसं काही होत नाही, भूक मात्र कडकडून लागते.

ऋतूप्रमाणे अनुपानही, म्हणजे हिरड्यासोबत घ्यायचा पदार्थही, बदललं: वर्षेत सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी. मला सुंठ सगळ्यात मानवली.

चव तुरट, जीभ आखडून जाते. टॅनिन भरपूर असल्यानं हाच हिरडा कातडी कमावायलाही वापरतात, यावरून कल्पना करा! वरून पाणी प्यायलं की मात्र गोडसर लागतं.

तयार चूर्णापेक्षा आख्खी फळं घ्या, असं माझं आग्रहाचं सांगणं. मोठा सुरवारी, म्हणजे पूर्ण पिकलेला, हिरडा पाण्यात टाकल्यावर बुडला पाहिजे. तरंगणारा बाजूला काढा. फोडून बी टाकायची आणि फक्त गर कुटायचा. पुडीतल्या चूर्णात बीसुद्धा दळलीय का, हे कळायला मार्ग नसतो.

बाळहिरडा वेगळा. बी धरण्याआधीची ही कोवळी फळं जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात आदिवासी कुटुंबं गोळा करतात. काळा, सुरकुतलेला, दगडासारखा टणक. साजूक तुपात मंद आचेवर परतला की हळूहळू टम्म फुगतो, आणि मग बोटांनी दाबला तरी कुरकुरीत फुटतो. आच वाढवली तर वरून करपतो, आत कच्चाच राहतो. कुटायला हा सगळ्यात सोपा.

गरोदर बायका, फार कृश किंवा थकलेली माणसं, उपास करणारे यांना ग्रंथातच मनाई आहे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि मात्रा वैद्यांकडूनच ठरवून घ्या.