दोन घरांच्या मधली आई : ‘द नेमसेक’

ऑगस्ट १९६८. अमेरिकेतील केंब्रिज शहरातल्या एका छोट्या घरात, दिवस भरत आलेली अशिमा गांगुली डब्यातले कुरमुऱ्यांसारखे ‘राइस क्रिस्पीज’, खारे शेंगदाणे आणि चिरलेला कांदा एका वाडग्यात कालवते, त्यात मीठ, लिंबू आणि मिरची घालते, आणि मोहरीचे तेल हाताशी नाही म्हणून हळहळते. कलकत्त्याच्या फुटपाथवर काही पैशांत मिळणारा तो खाऊ तिला सारखा खावासा वाटतो, पण चव घेतली की नेहमीप्रमाणे काहीतरी कमीच पडते. झुंपा लाहिरी यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द नेमसेक’ या इंग्रजी कादंबरीची सुरुवात अशी एका गरोदर बाईच्या स्वयंपाकघरात होते. पुढे कादंबरी तिच्या मुलाची होते, शीर्षकही त्याच्याच नावाकडे बोट दाखवते. मला मात्र ती आजही अशिमाचीच वाटते.

स्थलांतरित कुटुंबांवरील कथा-कादंबऱ्यांत आईला बहुधा पहारेकरी केले जाते. ती मायदेशाची भाषा, देव आणि पदार्थ राखते, मुले तिच्याशी भांडून बाहेर पडतात आणि शेवटी हळवी होऊन परततात. लाहिरींनी अशिमाला या साच्यात बसू दिलेले नाही. ती दोन्हीकडची ने-आण करते, आणि ते काम किती बारीक, किती दमवणारे असते, हे लेखिकेने प्रसंगांतूनच दाखवले आहे. गोगोल आणि सोनिया या मुलांसाठी हे घर दरवर्षी वाढत्या थाटात नाताळ साजरा करते. दुर्गा आणि सरस्वतीच्या पूजेपेक्षा मुलांना त्याचीच ओढ अधिक, हे आईवडिलांना कळते आणि ते मान्यही करतात. मुलांच्या हट्टाखातर अशिमा आठवड्यातून एकदा अमेरिकी जेवण करते. त्याच वेळी गोगोलला एक शनिवार सोडून दुसऱ्या शनिवारी बंगाली भाषा आणि संस्कृतीच्या शिकवणीला पाठवले जाते. या तडजोडींना लेखिका शरणागती म्हणत नाही आणि विजयही म्हणत नाही. ते घर चालवणे आहे.

कादंबरीची खरी ताकद मला ही मध्यस्थी फसते त्या जागी दिसली. मुलाचे नाव पणजीने ठेवायचे, पण तिचे पत्र कलकत्त्याहून पोहोचतच नाही; इकडे नावाची नोंद झाल्याशिवाय बाळंतिणीला आणि बाळाला घरी सोडता येणार नाही, असा रुग्णालयाचा नियम. बाळाचे नाव सावकाश ठरू देणारी बंगाली रीत आणि तत्काळ कागद मागणारी अमेरिकी व्यवस्था यांच्या कात्रीत, रशियन लेखक निकोलाय गोगोल याच्यावरून घरात हाक मारण्यासाठी ठेवलेले ‘गोगोल’ हे टोपणनाव कायमचे चिकटते. येथे कोणाचीही चूक नाही. पुढे शाळेच्या सहलीत गोगोल दफनभूमीतील जुन्या थडग्यांवरची नावे कागदावर उतरवून आणतो, तेव्हा अशिमा हादरते, कारण तिच्या लेखी मृत्यूशी जोडलेल्या जागी मुलांना खेळ म्हणून नेणे कल्पनेपलीकडचे आहे. मुलाला त्या विचित्र, जुन्या नावांत स्वतःसारखे कोणी सापडले आहे, हे तिला कळत नाही आणि त्यालाही सांगता येत नाही. आई कितीही समंजस असली तरी प्रत्येक अनुभवाचे भाषांतर तिच्या हाती नसते, हे या प्रसंगाइतके नेमके मी अन्यत्र क्वचितच वाचले आहे.

परदेशी असणे हे एक न संपणारे गरोदरपण आहे, असे अशिमाला सुरुवातीला वाटते. ही उपमा आतून आलेली आहे; तिच्यात वाट पाहणे आहे, ओझे आहे, आणि भोवतालच्यांची दया व आदर यांचे मिश्रणही आहे. मातृत्व आणि स्थलांतर हे दोन विषय शेजारी ठेवलेले नसून एकाच शरीरात घडत आहेत, हे त्या एका विचारात पटते.

तक्रार एकच, पण मोठी आहे. मधल्या भागात गोगोलची प्रेमप्रकरणे आणि न्यूयॉर्कमधले आयुष्य इतकी जागा व्यापते की अशिमा फोनच्या पलीकडचा आवाज होऊन राहते. पतीच्या मृत्यूनंतर ती कशी सावरली, ग्रंथालयातल्या नोकरीने तिला काय दिले, हे ओझरते येते. मौशुमीशी ओळख करून घे, असे तिनेच मुलाला सुचवले होते; त्या दोघांचे लग्न मोडल्यावर ती स्वतःला दोष देते. तरीही, आपल्या पिढीप्रमाणे कसेबसे निभावून नेणे हे या मुलांनी कर्तव्य मानले नाही, याचे तिला बरेच वाटते. मुलाला दोन संस्कृतींमधून वाट दाखवणारी बाई येथे स्वतःच नवीन रीत शिकलेली दिसते. एवढ्या मोठ्या बदलासाठी काही परिच्छेद अपुरे आहेत.

लाहिरींची भाषा साधी, वर्तमानकाळात सावकाश चालणारी आहे. वेगवान कथानकाच्या शोधात असलेल्या वाचकाला ती कंटाळवाणी वाटू शकेल. शेवटचे प्रकरण मात्र कोणीही घाईने वाचू नये. ते २००० सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी घडते: घर विकले गेले आहे, यापुढे अशिमा सहा महिने भारतात आणि सहा महिने अमेरिकेत राहणार आहे, म्हणजे ‘असीमा’ या आपल्या नावाप्रमाणे तिला आता सीमा नाही, आणि ती पुन्हा स्वयंपाकघरातच आहे, पाहुण्यांसाठी खिम्याची कटलेट वळत.