पदवी म्हणून चित्रकला: बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेविषयी

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत ए श्रेणी मिळवलेल्या मुलांचे पालक चित्रकलेच्या शिक्षकाकडे बहुधा एकच प्रश्न घेऊन येतात: कलेची पदवीच घ्यायची असेल, तर मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठवावे की बडोद्याला? मुलाचा हात किती चांगला आहे, यापेक्षा त्याला वाचण्याची आणि वाद घालण्याची कितपत हौस आहे, हे पाहून मी याचे उत्तर देतो. बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेतील विद्यार्थ्यांचे काम पाहताना हे मत हळूहळू पक्के होत गेले.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी, हंसा मेहता कुलगुरू असताना, ही विद्याशाखा सुरू झाली. आपल्याकडे तोवर चित्रकार घडत असे तो प्रामुख्याने कलाशाळेच्या पदविकेतून. 1857 पासून चालत आलेल्या जे. जे.ची जी. डी. आर्ट ही त्यातली सर्वांत मानाची. बडोद्याने चित्रकला आणि शिल्पकला यांना थेट विद्यापीठात, इतर विद्याशाखांच्या पंक्तीला बसवले. मार्कंड भट्ट पहिले डीन झाले, इंदूरचे ना. श्री. बेंद्रे यांनी चित्रकला आणि शंखो चौधुरी यांनी शिल्पकला विभाग उभा केला, आणि लवकरच के. जी. सुब्रमण्यन त्यांना येऊन मिळाले. 1952 मध्ये सुरू झालेल्या संग्रहालयशास्त्र विभागाकडे आपले पालक ढुंकूनही पाहत नाहीत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

या शिक्षणाची खरी ताकद कलेच्या इतिहासात आहे. इतरत्र हा विषय परीक्षेच्या आदल्या रात्री घोकण्याचा मानला जातो. इथे त्याचा स्वतंत्र विभाग आहे, आणि चित्र किंवा शिल्प शिकणाऱ्यालाही इतिहास व सौंदर्यशास्त्र चुकत नाही. व्यवसायाने सनदी लेखापाल असलेले भूपेन खख्खर 1962 मध्ये मुंबई सोडून इथे आले ते कलासमीक्षा शिकायला, आणि पुढे देशातल्या महत्त्वाच्या चित्रकारांत गणले गेले. असा आडवाटेने आलेला माणूस निव्वळ हस्तकौशल्यावर प्रवेश देणाऱ्या जागी टिकला असता का, याची मला शंकाच आहे.

याचा अर्थ कारागिरी दुय्यम आहे, असा मात्र कोणी काढू नये. मुद्राचित्रणातली, म्हणजे ठसे घेऊन चित्र छापण्याच्या कलेतली, कोरीव आम्लमुद्रा (एचिंग) हे त्याचे चांगले उदाहरण आहे. जस्ताच्या पत्र्यावर लेप द्यायचा, त्यावर सुईने रेषा ओढायची, पत्रा आम्लात ठेवून ती रेषा खोल करून घ्यायची, मग शाई भरून पत्रा जाळीदार कापडाने हलक्या हाताने पुसायचा आणि ओलसर कागद वर ठेवून प्रेसच्या रुळाखालून काढायचा. पुसताना हात जरा जड पडला की रेषेतली शाई निघून जाते, आणि ठसा उलटा उमटत असल्याने सारी रचना आधीच मनात फिरवून घ्यावी लागते. एवढे सगळे निभावल्यावरही स्वतःच्या कामापुढे उभे राहून, ‘हे चित्र छापायचेच कशाला होते?’ या प्रश्नाला तोंड द्यावे लागते. मितभाषी मुलांना हा भाग जड जातो.

शहर हीदेखील अभ्यासक्रमाची न छापलेली बाजू आहे. सयाजीबागेतले संग्रहालय आणि त्यातील युरोपीय चित्रांचे दालन पुष्पबाग या विद्याशाखेच्या आवारातील वर्गांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गायकवाडांच्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे आहेत. 1961 पासून विद्यार्थी आणि शिक्षक मिळून भरवत आलेल्या कलाजत्रेतूनच सुब्रमण्यन यांची खेळणी जन्माला आली.

आता उणे बाजू. एकाच विद्यापीठात इतिहास, मानसशास्त्र आणि रसायनशास्त्रही शिकवले जात असताना चित्रकाराने तिकडे सहज जाऊन बसावे, ही मोकळीक आपल्या सार्वजनिक विद्यापीठांत अजून रुळलेली नाही. त्यामुळे परदेशी लिबरल आर्ट्स महाविद्यालयाची कल्पना मनात धरून इथे येणाऱ्याचा हिरमोड होण्याचा संभव आहे. दुसरी बाब अधिक गंभीर आहे. मे 2007 मध्ये परीक्षेसाठी मांडलेल्या एका विद्यार्थ्याच्या चित्रांवर आक्षेप घेत बाहेरचे लोक आवारात घुसले, विद्यार्थ्याला अटक झाली, आणि त्याच्या पाठीशी उभे राहिलेल्या प्रभारी डीनना विद्यापीठाने निलंबित केले. विद्यापीठाची चौकट कलेला प्रतिष्ठा देते, पण संरक्षण देईलच असे नाही, हे प्रवेश घेताना ठाऊक असलेले बरे.

खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांच्या तुलनेत खर्च बराच कमी पडतो. चार वर्षांनी नोकरी हवीच असेल, तर उपयोजित कला हा विभाग अधिक सोयीचा. चित्रकलेच्या पदवीनंतर मात्र पहिली काही वर्षे घरच्यांना कळ काढावी लागते. शक्य असल्यास अर्ज भरण्यापूर्वी शैक्षणिक वर्षाच्या शेवटी मांडले जाणारे विद्यार्थ्यांचे प्रदर्शन मुलासह पाहून यावे, आणि त्या वेळी पालकांनी थोडे मागे राहून मुलालाच तिथल्या विद्यार्थ्यांशी बोलू द्यावे.