फियॉर्ड हवेत की बेटं? उत्तर युरोपच्या क्रूझमार्गांची पारख

'नॉर्वेजियन फियॉर्ड्स, ७ रात्री' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि खाली चार बंदरं: स्टॅव्हँगर, हाउगेसुंड, ओलेसुंड, बर्गन. चारही शहरं बघण्यासारखी आहेत, पण फियॉर्डच्या आत, म्हणजे डोंगरांत लांबवर शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत, एकही नाही. सगळी बाहेरच्या किनाऱ्यावरची. जहाज पहाटे समुद्रातून धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी पुन्हा समुद्रात निघून जातं. ज्यांना केबिनच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना उभे कडे बघायचे होते, त्यांची अशा मार्गावर साफ निराशा होते, आणि वर खापर फुटतं ते नॉर्वेवर.

म्हणून मार्ग निवडताना बंदरं किती आहेत ते मोजू नका. त्यातली किती फियॉर्डच्या टोकाशी आहेत ते मोजा. फ्लॉम, स्कयोल्डेन, गायरांगर, हेलेसिल्ट, ओल्डन, नूरफियॉर्डआइड, आइडफियॉर्ड, ऑनदालस्नेस ही आतली बंदरं. सात रात्रींत यातली किमान दोन असावीत, तीन मिळाली तर मार्ग चांगला समजा. याचं कारण साधं आहे. सोनफियॉर्ड २०० किलोमीटरहून लांब आणि सुमारे १,३०० मीटर खोल. फ्लॉम त्याच्या एका फाट्याच्या टोकाला, त्यामुळे समुद्रापासून तिथे पोचायला जहाजाला साधारण सहा तास लागतात, परतायला तितकेच. गायरांगरसाठी चार ते पाच तास धरा. म्हणजे आतलं एक बंदर घेतलं की आठ ते बारा तासांचा फियॉर्डमधला प्रवास पदरात पडतो, जो बाहेरच्या बंदरात मिळतच नाही.

आता वेळापत्रकावर नजर टाका. फ्लॉमला सकाळी ८ ला पोचणारं जहाज रात्री दोनच्या सुमारास फियॉर्डमध्ये शिरलेलं असतं, तेव्हा तुम्ही झोपलेले असता. खरा देखावा परतीचा. संध्याकाळी ५ किंवा ६ ला निघणारं जहाज जूनमध्ये रात्री अकरापर्यंत उजेडात चालतं. तेच सप्टेंबरच्या मध्यावर घेतलं, तर आठनंतर काळोख. जिथे दुपारी निघून रात्रीच्या जेवणाच्या वेळी अरुंद भाग येतो, तिथे जेवणाची दुसरी पाळी मागून घ्या किंवा त्या दिवशी बुफेवर भागवा. टेबलावर बसून गायरांगर घालवणारे लोक दर फेरीत असतात.

सात रात्री: कील, कोपनहेगन की साउदॅम्प्टन

कील आणि कोपनहेगनहून अलीकडच्या उन्हाळ्यांत एमएससी युरिबिया या जहाजाचा हेलेसिल्ट, ओलेसुंड, फ्लॉम असा मार्ग चालत आला आहे. तीन बंदरं, त्यातली दोन आतली, आणि समुद्रातले दोन दिवस. सात रात्रींच्या मार्गांत ही बांधणी आम्हाला उत्तम वाटते. आणखी एक सोय म्हणजे सगळी बंदरं शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिशावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात, ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागत नाही. उणी बाजू आकाराची. जहाज भरलं की सहा हजारांवर प्रवासी होतात आणि फ्लॉमची वस्ती जेमतेम काहीशे.

साउदॅम्प्टनहून पी अँड ओच्या आयोनासारखी जहाजं स्टॅव्हँगर, ओल्डन, हेलेसिल्ट, हाउगेसुंड यांतून वेगवेगळ्या जोड्या लावतात. ब्रिटनमध्ये मुलगा-मुलगी असलेल्या आई-वडिलांना हा मार्ग सोपा पडतो, कारण विमानातून उतरल्यावर घर आहे आणि जहाजावर वरण नाही तरी इंग्रजी पद्धतीची 'करी' मिळते. मात्र जाताना आणि येताना उत्तर समुद्राचा एकेक पूर्ण दिवस जातो, आणि तो समुद्र उन्हाळ्यातही शहाण्यासारखा वागेलच असं नाही. उलटीचा त्रास असेल तर मधल्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन घ्या. पुढच्या टोकाची स्वस्त मिळते ती उगाच नाही.

हेलेसिल्टबाबत एक गफलत हमखास होते. मार्गात 'हेलेसिल्ट/गायरांगर' असं लिहिलेलं असलं तरी काही फेऱ्यांत जहाज हेलेसिल्टलाच थांबतं आणि तिथूनच मागे फिरतं. हेलेसिल्ट सुन्यल्व्सफियॉर्डवर आहे. गायरांगरचा फाटा त्याच्या अलीकडेच वळतो. सात बहिणींचा धबधबा, त्याच्या समोरचा 'प्रियकर', कड्यावर टांगल्यासारखी ओसाड शेतघरं, सगळं त्या फाट्यात. तेव्हा आरक्षणाआधी लेखी विचारा, जहाज गायरांगरफियॉर्डमध्ये शिरणार आहे का. नसेल तर हेलेसिल्टहून गाड्या नेणारी फेरीबोट आहे, एका बाजूला सुमारे ६५ मिनिटं. तिचं तिकीट आधी काढा आणि परतीची बोट जहाज सुटण्याच्या किमान दोन तास आधीची धरा.

गायरांगरलाच थांबणाऱ्या जहाजांची दुसरी गंमत. गावात मोठा धक्का नाही. सीवॉक नावाचा लांब तरंगता पूल आहे, तो एका वेळी एकाच जहाजाला. दुसरं जहाज असेल तर त्याने नांगर टाकायचा आणि माणसं टेंडर, म्हणजे जहाजावरच्या छोट्या बोटींनी उतरवायची. कंपनीच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात, स्वतंत्र फिरणाऱ्यांना टोकन देऊन बसवतात, त्यात तास-दीड तास सहज जातो. सकाळी ९ ची खासगी बस ठरवून ठेवली असेल तर ती गेलीच. नॉर्वेतली बंदरं कोणत्या दिवशी कोणतं जहाज येणार याची यादी आधीच जाहीर करतात. आपल्या तारखेला तीन जहाजं दिसली तर आठवडा बदला, भाड्यात फारसा फरक पडत नाही.

गायरांगरमध्ये पैसे न घालवता करायची गोष्ट म्हणजे धबधब्याच्या कडेने चढणाऱ्या ३२७ पायऱ्या. लोखंडी जाळीचा जिना आहे, पाण्याचे तुषार अंगावर येतात, गुडघे कुरकुरणाऱ्यांनी जपून. पैसे घालवायचेच असतील तर सुमारे १,४७६ मीटर उंचीचा दालस्निब्बा डोंगर. पण वरचा रस्ता मेच्या मध्यापूर्वी सहसा उघडत नाही आणि ढग असले तर वर जाऊन पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही.

फ्लॉमला बहुतेकांना हवी असते ती फ्लॉमस्बाना ही डोंगर चढणारी आगगाडी. २० किलोमीटर, २० बोगदे, समुद्रसपाटीपासून ८६६ मीटरवरच्या मिर्दालपर्यंत साधारण तासभर. मध्ये श्यॉसफोसेन धबधब्यापाशी गाडी पाच मिनिटं थांबते, सगळे एकदम उतरतात आणि सगळ्यांच्या फोटोत सगळ्यांची डोकी येतात. जाऊन-येऊन दोन तास. मोठं जहाज लागलेल्या दिवशी ऐनवेळी तिकीट मिळण्याची आशा धरू नका. आमच्या मते मात्र दिवसाचं सोनं करायचं असेल तर आगगाडीपेक्षा नेरॉयफियॉर्ड गाठावा. हा फाटा एका ठिकाणी फक्त २५० मीटर रुंद आहे, मोठी क्रूझजहाजं त्यात जात नाहीत. फ्लॉमहून बसने या फाट्याच्या टोकाचं गुद्वांगेन आणि तिथून विजेवर चालणाऱ्या बोटीने दोन तासांत परत फ्लॉम. बोटीला इंजिनाची घरघर नाही, कड्यावरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. वेळ उरला तर ६५० मीटरवरच्या स्टेगास्टाइनच्या सज्जाला बस जाते, दीड तासात उरकतं.

ओल्डनला ब्रिक्सदाल हिमनदी आणि शेजारच्या लोएनचा स्कायलिफ्ट (केबल कार) हे दोन पर्याय. हिमनदी बरीच मागे सरली आहे, जुन्या फोटोंवर जाऊ नका. आज ती तळ्यापलीकडून बघायची. मोकळी हवा असेल त्या दिवशी १,०११ मीटरवर पाच मिनिटांत नेणारा स्कायलिफ्ट सरस, पावसात ब्रिक्सदाल. निर्णय सकाळी आकाश बघून घ्यावा.

आइडफियॉर्डचं नाव मार्गात दिसलं तर जहाज बहुधा मध्यम आकाराचं असतं. वाटेवरच्या हार्दांगर पुलाखाली ५५ मीटरच मोकळे आहेत, त्याहून उंच जहाज पलीकडे जाऊ शकत नाही. तिथून १८२ मीटरचा व्योरिंग्सफोसेन धबधबा जवळ.

बेटं हवी असतील तर

सात रात्रींत फियॉर्डही आणि बेटंही असा मार्ग विकला जातो, तो टाळा. दोन्ही अर्धवट राहतात. शेटलंड आणि ऑर्कनी (दोन्ही स्कॉटलंडची, म्हणजे ब्रिटनमधली), फॅरो, आइसलंड या माळेला १२ ते १४ रात्री लागतात आणि जहाज लहान असेल तितकं बरं. फ्रेड ऑल्सेनच्या बोलेट, बोरेआलिससारखी हजार-चौदाशे प्रवाशांची जहाजं इथे मोठ्यांपेक्षा उजवी ठरतात. जलक्रीडा, घसरगुंड्या नाहीत, मुलं कंटाळतील, हेही खरं.

बेटांचा मुख्य धोका वारा आणि धुकं. शेटलंडच्या लर्विकला मोठी जहाजं नांगर टाकून टेंडरने माणसं उतरवतात, वारा वाढला की कप्तान बंदर सोडून देतो. त्याला तो अधिकार करारानेच असतो. तुम्हाला बहुधा फक्त बंदरशुल्क परत मिळतं. कंपनीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे परत येतात, बाहेर ठरवलेल्या गाडीचे येतीलच असं नाही. म्हणून टेंडरच्या बेटावर कंपनीची सहल महाग असूनही घ्यावी, धक्क्याच्या बंदरात स्वतः फिरावं. ऑर्कनीच्या कर्कवॉलला हॅटस्टनचा धक्का आहे, तिथून गावात फुकट बस. सेंट मॅग्नस कॅथीड्रलचं बांधकाम ११३७ साली सुरू झालं, तांबड्या-पिवळ्या दगडाचं, बसथांब्यापासून चालत पाच मिनिटांवर. पाच हजार वर्षांपूर्वीचं स्कारा ब्रे गाव मात्र बेटाच्या दुसऱ्या टोकाला, त्यासाठी अर्धा दिवस राखा. बेटांपैकी एकच निवडायचं झालं तर आम्ही ऑर्कनी म्हणू.

शेटलंडला पफिन हे समुद्रपक्षी बघायचे तर ऑगस्टच्या सुरुवातीपूर्वी जा, नंतर ते समुद्रात निघून जातात. सम्बर्ग हेड लर्विकपासून ४० किलोमीटर. वाटेत रस्ता विमानतळाची धावपट्टी ओलांडतो आणि विमान उतरताना फाटक लागतं, परतीच्या हिशेबात ती दहा मिनिटं धरा.

फॅरोच्या तोर्शाव्हनमध्ये गवताच्या छपरांच्या घरांचा टिंगानेस हा जुना भाग धक्क्यापासून चालत जाण्याजोगा आहे, पण फोटोंतला समुद्रात पडणारा मूलाफोसूर धबधबा वागार बेटावर, गाडी हवीच. रविवारी बहुतेक दुकानं बंद. आइसलंडमध्ये रेक्याविकला जहाज रात्रभर थांबणारा मार्ग निवडा. गोल्डन सर्कल या रेक्याविकहून गाडीने करायच्या सहलीला सहा ते आठ तास लागतात आणि नऊ तासांच्या मुक्कामात तो उरकणं म्हणजे नुसती धावपळ. अकुरेरीची गंमत अशी की ते साठेक किलोमीटर लांब फियॉर्डच्या टोकाला आहे, म्हणजे बेटांच्या मार्गातही एक फियॉर्ड मिळून जातो.

ज्यांना जहाजावरच्या नाच-गाण्यात रस नाही, त्यांनी बर्गन ते किर्केनेस आणि परत असा १२ दिवसांचा किनारी मार्ग बघावा. हुर्टिगरुटेन १८९३ पासून आणि हाविला २०२१ पासून तो चालवतात. ३४ बंदरं, पण कित्येक ठिकाणी थांबा १५ ते ३० मिनिटांचा, काही मध्यरात्री. लोफोटेन बेटांजवळच्या चिंचोळ्या ट्रोलफियॉर्डमध्ये ही जहाजं शिरू शकतात. तलाव, कॅसिनो, थिएटर काही नाही. शाकाहारी जेवण मिळतं, पण आरक्षणातच सांगून ठेवावं. जैन जेवणाची खात्री लेखी घ्यावी.

महिना आणि व्हिसा

महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा हीच कुटुंबांची सोय, आणि नशिबाने धबधब्यांचाही भर तेव्हाच. बर्फ वितळत असतं, पाणी भरपूर. ऑगस्टमध्ये सात बहिणींपैकी तीन-चारच दिसतात. उत्तरध्रुवीय प्रकाशासाठी जून-जुलैची क्रूझ घेऊ नका, आकाश काळंच होत नाही, त्यासाठी सप्टेंबरअखेरनंतर. बर्गनमध्ये वर्षाचे दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो. छत्री वाऱ्यात टिकत नाही, टोपीचं जाकीट हवं.

व्हिशात लोक नेमके कुठे अडकतात? नॉर्वे, मग ऑर्कनी, मग पुन्हा नॉर्वे किंवा आइसलंड असा मार्ग असेल तर मध्ये शेंगेन सोडून परत शिरणं होतं. एकदाच प्रवेशाचा व्हिसा तिथे चालत नाही, मल्टिपल एंट्री लागते, शिवाय ब्रिटनचा वेगळा. फॅरो डेन्मार्कच्या राज्यात असूनही शेंगेनमध्ये नाही. व्हिशावर फॅरोसाठी वेगळी नोंद हवी. सगळ्या बंदरांची यादी तारखांसह अर्जाला जोडा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा.

मोबाइलचंही तसंच. नॉर्वे आणि आइसलंडला युरोपचं ई-सिम बहुधा चालतं, फॅरो आणि ब्रिटनला ते धरलेलं आहे का हे पॅक घेण्याआधी बघा. खुल्या समुद्रात फोन विमान मोडवर, नाहीतर जहाजाचं नेटवर्क पकडून बिल फुगतं. घड्याळ मात्र जहाजाचंच पाळा. आइसलंड उन्हाळ्यात नॉर्वेच्या दोन तास मागे असतं, फोन आपोआप वेळ बदलतो, जहाज बदलेलच असं नाही, आणि शिडी सुटण्याच्या साधारण अर्धा तास आधी उचलतात.